सुट्टे

शकेराबाजीकडं वीस रुपये सुट्टे नव्हते.
तीन कुर्त्यांची शिलाई चुकती झाली, वरचे वीस राहिले.
पिशवीत हात घालून तिनं
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सात-आठ काड्या काढल्या.
बहिणीला न्यायला निघाली होती.
"जास्वंद है. मट्टी में खोस दे, लगतैच."

पेन्सिलीएवढ्या काड्या. ना पान, ना काही.
मी वहीत वीस मांडले नाहीत,
पण मनात मांडले.

उदगिरात आमच्या गल्लीला नळ आठ दिवसांनी येतो.
झाड लावायचं म्हणजे
घरात आणखी एक तोंड.

टोक तिरकं काप, म्हणाली होती.
तिरकं म्हणजे आमच्यात उरेब,
आणि उरेब कापावं ते मीच.
विळी बोथट होती.
कापडाच्या कात्रीनं कापडच कापायचं असा नेम,
कागद नाही, दोरी नाही, पोराचे केस तर नाहीच.
एकोणीस वर्षं पाळलेला
त्या दुपारी मोडला.
आवाज ओला आला.

पामतेलाचा डबा, शेतातली काळी माती,
भांडी विसळलेलं पाणी, रोज, तांब्याभर.
आठवड्यात निम्म्या काड्या बुडाशी बुळबुळीत.
काळी माती पाणी धरून बसते,
आमच्या जाऊबाई जुनं बोलणं धरून बसतात तशी.
अर्धी वाळू घालायची असते
हे मला सांगितलं ते बोअरवाल्यानं, आणि तेही हसून.

एक तर मी उलटी लावली होती.
मी!
लाईट गेली तरी बोटानं सांगते
कापडाची सुलट कुठली.
काडीलाही डोळे असतात, कुणाला ठाऊक?
गळलेल्या देठाच्या खुणेवर
बारीक, मिटलेला, वर बघणारा.
मी त्याला आठ दिवस मातीत तोंड खुपसून ठेवलं.

मग एकीला पानं फुटली.
प्रणितानं बघितलं, काजं करायला येते ती.
"ताई, लागली! लागली बगा!"
दोघींनी मशीन थांबवलं, चहा टाकला.
पाचव्या दिवशी पानांनी माना टाकल्या.
उपसलं तर खाली एक तंतू नव्हता.
काडीत होतं नव्हतं ते वर देऊन बसली होती बिचारी.
कच्च्या टाक्यावरचा ब्लाऊज
अंगात घालून आरशात बघता येतो,
घालून लग्नाला जाता येत नाही.

दुसरीला मी रोज उपसून बघायची.
मुळं आली का? नाही. खोच परत.
आली का?
एका सकाळी आली होती.
पांढरी, दोन, चाळीस नंबरच्या दोऱ्याएवढी.
माझ्याच अंगठ्याखाली तुटली.
त्या दिवशी कुणाचंच माप नीट घेतलं नाही,
सरपंचबाईंच्या बाह्या अजून घट्ट आहेत.

उरलेली एक वाळकी समजून
मिरचीच्या रोपाला टेकू दिली.
उरेब पट्टीनं बांधली, गुलाबी, कुणाच्या तरी पेटीकोटची.
विसरले.
दिवाळीची गर्दी, रात्री दोन-दोनपर्यंत पाय मशीनवर.
मिरची केव्हाच मेली.
टेकू हिरवा झाला.
हलवून बघितला तर हलेना,
खालून कुणीतरी धरल्यासारखा.

माघ लागला. फूल अजून नाही.
लाल येणार का कुठलं, बाजीलाच माहीत,
ती परवा आली होती, अस्तराचं विचारायला.
झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
"बोली थी ना," एवढंच.

प्रणिताचं लग्न ठरलं, देगलूरला.
तिला चार काड्या कापून दिल्या,
डोळे वर ठेव म्हटलं, आणि बघू नको रोज.
ऐकणार नाही.

आज धारवाला आला.
सायकल उभी केली, चाक फिरवलं,
कात्री उजेडात धरून पातं बोटानं चाचपलं.
"चीक बसलाय, ताई. कापलं काय हिनं?"

मी म्हटलं, वीस रुपये.