आभाळ बंद

सेक्टरात मी रस्त्याच्या कडेनं चालत नाही,
कडेला काहीच नाही म्हणून.
ऐंशी फुटांचं डांबर, दुभाजकावर करपलेली बोगनवेल,
आणि ऊन, एकाच मापाचं, सगळीकडे सारखं वाटलेलं.
मीटरं तळमजल्यावर रांगेनं. मी आकडे उतरवतो:
नऊशे ऐंशी. बाराशे. चौदाशे चार.
मे महिन्यात काचेच्या घरांना ताप चढतो
आणि तो माझ्या मशीनवर दिसतो.

करावे गावाची कमान लागली की मी टोपी खिशात घालतो.

इथली गल्ली सरळ जात नाही.
बावन्न पावलं पश्चिमेला, मग एका जोत्यापाशी वळते,
डोईवर हंडा घेतलेलं माणूस वळतं तशी,
खाडीवरून आणलेला वारा न सांडता.
रुंदी : एक म्हैस
आणि तिच्या बाजूनं अंग चोरून जाणारा एक जण.
वळचणी समोरासमोर इतक्या जवळ
की मधे उरतं आभाळ लुगड्याच्या काठाएवढं.
ऊन जमिनीला टेकतं बारा ते साडेबारा.
मी येतो सव्वातीनला. तेव्हा वारा आलेला असतो,
आणि जोत्याचा दगड
बसणाऱ्याला अजून सकाळच देत असतो.

कुणी आखली ही गल्ली, ठाऊक नाही.
कचेरीच्या नकाशावर तिच्यापुढे शेरा आहे :
अनियमित.

घर नंबर बासष्ट. चांगुणा भोईर.
मधल्या चौकात पाट टाकून कोलीम निवडायची,
कोंबड्या हाकलत, माझ्याकडे न बघता म्हणायची,
"लिव बाबा, काय लिवाचा त्यो लिव."
गेले तीन मे : सत्तर. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर.
लिहायला तरी काय होतं.

या मेमध्ये तीनशे अकरा.

"मीटर पलतंय," ती दारातच म्हणाली. "बग त्याला."
बघितलं. मेन स्विच पाडला,
लाल दिव्याची उघडझाप थांबली.
पुन्हा चढवला, सुरू झाली.
मीटर खरं बोलत होतं.

मग वर पाहिलं.
चौकावर निळा पत्रा, चारी बाजूंनी सिलिकॉन मारून.
खाली खोली, खोलीत खाट, खाटेवर
भाडेकऱ्याचा टॉवेल, आणि भर दुपारी दोन ट्यूबलाइट.
"जितेशनं काढलीय. सात हजार येतान."
तिच्या कपाळावरून घाम थेट ताटातल्या कोलमात.

इतकी वर्षं त्या भोकातून
चुलीचा धूर वर जात होता, भिंतीनं दिवसभर गिळलेली धग,
नऊ जणांचे उच्छ्वास, एकदा म्हणे एका भांडणाचा आवाजही
अख्खा वर निघून गेला, शेजाऱ्यांना कळलाच नाही.
आणि जे वर गेलं त्याच्या जागी
दारातून गल्ली आत येत होती, थंड, मुकाट, फुकट.
त्याचं रीडिंग कुणी घेतलं नाही.
मीही नाही. मी सत्तर लिहून पुढे जायचो.

मशीनमध्ये शेरे तीनच :
मीटर ठीक. मीटर नादुरुस्त. घर बंद.
मी खालीवर शोधलं.
'आभाळ बंद' असा शेरा नव्हता.

"ठीक" दाबलं. तिनं पाणी दिलं नाही.
वळणापर्यंत गेलो तेव्हा मागून हाक आली,
मग दिलं.

साहेब म्हणतात, दिवाळीपर्यंत नवी मीटरं लागतील,
आकडा आपोआप कचेरीत जाईल, चालायला नको.
बरंच आहे. माझे गुडघे झिजलेत.
फक्त त्या आकड्याला माहीत नसेल
की बासष्ट नंबरात काय झालं होतं.

पुढल्या महिन्यात दोनशे सहा.
वर बघितलं : शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी
पत्र्याच्या कोपऱ्यात खुपसलेली,
आणि हातभर फट.
जितेश आईशी बोलत नाही, असं समोरच्या घरी कळलं.
भाडेकऱ्याची खाट मात्र भिंतीपासून सुटून
बरोब्बर त्या फटीखाली आली होती.
कुणी सरकवली, मी विचारलं नाही.