वीतभर तराफा

बोगोट्यात पहिल्याच दिवशी जिना चढताना
तिसऱ्या पायरीवर माझा श्वास संपला.
ट्रॉली नव्हती तेव्हाची सप्तशृंगी
मी पोराला काखेत मारून चढलेली आहे,
तरी.
हॉटेलवालीनं वाफाळता कप पुढे केला.
एक घोट घेतला आणि हसूच फुटलं:
गुळाचं पाणी!
साडेआठ हजार फुटांवर, अर्ध्या पृथ्वीपलीकडे
उन्हातून आलेल्याला देतात तसं गुळाचं पाणी.
चीजचा तुकडा बुडवून खायचा, एवढाच काय तो परदेश.

तीन दिवस गुलाबांचं प्रदर्शन.
त्यांचा दांडा आमच्या जानोरीच्या दांड्याहून
चार बोटं जास्त. ते जरा लागलंच मनाला.
चौथ्या दिवशी मोकळी होते.
तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावरच्या पांढऱ्या चर्चला गेले,
खाली शहर वीटभट्टीसारखं तांबडं.
मग सोन्याचं म्युझियम.
एका खोलीत मिट्ट काळोख केला,
पाण्याचा आवाज, कुणाची तरी जुनी गाणी,
आणि हळूहळू उजेड वाढत गेला तसं
भिंतभर सोनं, पायाखाली सोनं.
आणि दुसऱ्या एका काचेत, एकटाच,
वीतभर लांबीचा सोन्याचा तराफा.
मधोमध राजा, भोवती त्याची माणसं टिचभर.

"मग?" गोजराबाई म्हणाल्या.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आले होते रामकुंडावर.
गुरुजींना उशीर होता,
आणि गोजराबाई गुडघाभर पाण्यात
काथवटीत वाळू घोळवत उभ्या.
सासूपासूनचं झारेकऱ्याचं काम.
सराफ बाजाराची धूळ सकाळी, गोदेची वाळू दुपारी.

सांगितलं त्यांना:
नवा राजा अंगभर सोन्याची पूड माखून
तळ्याच्या मधोमध जायचा म्हणे,
सोनं, पाचू पाण्यात सोडायचा
आणि स्वतः उडी मारायचा.

"वर आला तेव्हा अंगावर काही राहिलं?"
"काही नाही. सगळं धुऊन जायचं."
"हां," त्या म्हणाल्या, जणू हिशोब जुळला.
"आणि तळाचं कुणी काढलं?"

बाहेरून लोक आले, मी म्हटलं,
तळ्याचा काठ फोडून पाणी सोडून दिलं त्यांनी.
गोजराबाईंचा हात थांबला.
"पाणी सोडून दिलं?
येडे का काय! पाणी असू द्यायचं की.
पाणीच आणून देतं."

काथवट पुन्हा फिरली.
वाळू गेली, झेंडूचा देठ गेला,
दोन रुपयांचं नाणं राहिलं
आणि कडेला काहीतरी पिवळं.
"चष्मा आहे ना तुम्हाला? बघा बरं."
मी वाकले. तिळाएवढं.
गेल्या साली अण्णांच्या ओठांत
एवढंच ठेवलं होतं मी, बोटं थरथरत होती,
घरातल्या घरात कुणी तरी म्हणालं होतं, जास्त कशाला.

"कुणाचं असेल हो?"
"ते कसं कळणार बाई," त्या म्हणाल्या.
पदराच्या टोकाला गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली.
"सराफ्यात आज भाव काय निघाला,
ऐकलंत का काही?"