मनगट

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या रात्री वारा समुद्राकडून नाही,
डोंगरावरून उतरला.
मी नऊ वर्षांचा. हातात कंदील,
एक काच फुटलेली, तिथे खळीने डकवलेला कागद.

कालिम्नोसच्या त्या चर्चमध्ये सगळे दिवे मालवले होते.
शेजारी कोण उभा आहे ते श्वासाच्या वासावरून ओळखावं
इतका काळोख.
मग वेदीच्या पडद्याआडून पाद्री इलियास बाहेर आले
एकच मेणबत्ती घेऊन,
आणि म्हातारे पाणबुडे,
ज्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी स्पंज कापता कापता
चाळीस वाव खोल काळोख पाहिला होता,
पोरांसारखे पुढे घुसले.

उजेड भिंतीवर चढला तसा तो दिसला:
मोडून पडलेल्या दारांवर पाय रोवून
पाताळात उभा असलेला ख्रिस्त.
आदामाला वर काढताना त्याने हात धरलेला नाही.
मनगट धरलंय.
का, मी आईला विचारलं.
मेलेल्याला उलट पकडता येतं का, ती म्हणाली,
आणि कागद नीट धर.

घरी पोथितोस होता. माझा भाऊ. खिडकीशी, खाटेवर.
सप्टेंबरात साकेलारिसच्या होडीने त्याला वर ओढलं,
फार घाईने ओढलं,
आणि कमरेखालचा पोथितोस तिथेच तळाशी राहिला.
हवा संपत आली होती की कप्तानाचा धीर,
यावर गावात दोन तट.
आईचा एकच.
साकेलारिसच्या दारावरून जावं लागतं म्हणून
ती जवळची विहीर सोडून
चिंचोळ्या घळीतल्या विहिरीवर जायची,
दोन खेपांना अर्धी सकाळ.

चढणीला लागलो. माणसं आपापल्या गल्ल्यांत वळली.
पवनचक्कीच्या पडक्या भिंतीपाशी
खळी सुटली, कागद उडाला,
आणि आईच्या हातातली मेणबत्तीही त्याच फुंकरीत गेली.
मी रडलो नाही. रडायला आलं होतं.

खालून एकच ज्योत वर येत होती.
तिच्यावर टोपीचा आडोसा.
त्याच्याबरोबर त्या वर्षी कुणीच चालत नव्हतं.
साकेलारिस थांबला. आई थांबली.
पलीकडच्या डोंगरावर पोरांनी डायनामाइट उडवलं,
बेट हादरलं,
ही दोघं नाही.
मला शंभरपर्यंत मोजता यायचं.
मी मोजलं, आणि पुन्हा एकपासून धरलं.

“जवळ आण,” आई म्हणाली. “वारा आहे.”
ख्रिस्त उठला आहे, असं म्हणायची रीत.
ते दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.
तिचा हात इतका कापत होता की वात वातीला लागेना.
तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

मी पाहत होतो त्याची ज्योत.
आम्हाला दिल्यावर ती थोडी तरी कमी होईल
असं मला वाटलं होतं.

घरी आईने चौकटीवर काजळीचा क्रूस काढला,
जुन्या काजळीवर नवी.
“चर्चमधून इथवर, या वाऱ्यात?” पोथितोसने विचारलं.
“हो,” आई म्हणाली. मी गप्प.
तो बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, खालून वर पाहिलं ना,
तर आभाळ नाण्याएवढं दिसतं. तेही नंतर जातं.
पण मी वर पाहतच नव्हतो.
माझ्या हातापाशी उजेड होता.
नखं दिसत होती. नखांतली रेती दिसत होती.
तेवढ्यात दोर ताणला.

त्याचे पाय परत आले नाहीत, हे सांगून ठेवतो.
आईने क्षमा केली का, मला माहीत नाही.
उन्हाळ्यात ती जवळच्या विहिरीवर जाऊ लागली,
मान खाली घालून, भराभर.

मी आता डार्विनला असतो, भिंती रंगवतो.
ईस्टरला इथे वारा नसतो,
ज्योत सरळ घरी पोचते, आणि मला चुकल्यासारखं होतं.
रात्री विझवून पडलो की प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत.
हातही पुढे करत नाही मी.
फक्त बाही जरा वर सरकवून ठेवतो.