स्टॉल नंबर एकोणतीस

साकोलीच्या मैदानात तीन दिवसांचा मेळा :
निसर्ग, साहस, पर्यटन.
डावीकडे दोरावरून घसरायचा खेळ,
उजवीकडे तंबू विकणारे नागपूरचे,
मधात आम्ही.
एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि हेमराज उईकेच्या पोरांनी केलेला थर्माकोलचा डोंगर,
हिरवा रंग सरला म्हणून
मागच्या अंगानं पांढराच राहिलेला.

माझ्या छातीवर बिल्ला : स्वयंसेवक.
एकतीस वर्षं लोक सिस्टर म्हणाले,
हा शब्द अजून अंगाला बसत नाही.

पाटीवर लिहिलंय :
सातझिरी पायवाट, अकरा किलोमीटर.
किलोमीटर नंतर मोजले कुणीतरी फोनमधे.
मी बर्फानं मोजायची.
लसीच्या डब्यातला बर्फ
पहिल्या झिऱ्यापाशी खडखडायचा,
चौथ्यापाशी गप्प व्हायचा,
आणि कोसमटोल्याच्या आंब्याखाली झाकण काढलं
की आतलं पाणी
बोटं बधिर करील इतकं गार हवं.
तेवढी माझी चाल.

लोक येतात आलूबोंड्याचे हात पुसत.
“वाघ दिसंन का जी?”
“नेटवर्क रायते का वरतं?”
“फुकट हाये? मंग काय कामाचं!”
एकानं दहा पत्रकं मागितली, मी हरखले.
थोड्या वेळानं पाहिलं,
त्यांवर तर्री-पोहे.
आमच्या नकाशात तिसऱ्या झिऱ्याच्या वर
तेलाचा एक तलाव पसरला होता.

मला पाठ करून दिलंय :
जैवविविधता, आरोग्य, स्थानिक रोजगार.
तोंड उघडलं की भलतंच निघतं.
इथं, या येनाच्या बुंध्याला टेकून
दुर्पताला कळा सुटल्या.
झालेली पोरगी आता देवरीत स्कूटर दुरुस्त करते.
इथं अस्वलानं मला पाहिलं, मी त्याला.
दोघांनीही वाट सोडली
आणि बराच वेळ
कुणालाच ती परत घ्यायचं धाडस होईना.

समोरचा बाप्पा पोराला ओढून नेतो,
दोराकडं.

मग डांबरी रस्ता झाला, डोंगराला वळसा घालून.
मीच भांडले होते त्याच्यासाठी,
पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसून, दोन उन्हाळे.
अँब्युलन्स जाते आता. बाई वाटेत मरत नाही.
वाट मात्र मेली.
कुडा वाढला मधात,
कोळ्यांनी जाळी ताणली तोंडाच्या उंचीवर.
चालताना मी तिला रोज शिव्या दिल्या आहेत,
चपलेचे अंगठे तुटले म्हणून, पाय सुजले म्हणून.
आज तिचीच जाहिरात करते
आणि हे कुणाला सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली.
भोंगे गप्प. गिऱ्हाईक पांगलं.
दोरावाला फिरोज, तुमसरचा,
कमरेचे पट्टे काढून आमच्याकडं आला.
डोंगराभोवती एक फेरी मारली त्यानं.
“मॅडम, मागून पांढरा काहून?”
“रंग सरला बाबू.”
“मंग तिकडून उतरते कसं?”
तीन दिवसांत हा पहिलाच प्रश्न
ज्याचं उत्तर मला पायांनी येत होतं.
सांगत बसले. लाईन आली तरी सांगत बसले.
त्याचा मालक हाका मारत होता.

वहीत एकोणीस नावं.
दोन फोन नंबरांत एकेक आकडा कमी.
रविवारी सकाळी सातला
चुन्याच्या पहिल्या खुणेपाशी
हेमराज, मी, सहावीतली एक मुलगी, तिची मावशी,
आणि सव्वासातला, मोटारसायकलवरून,
फिरोज.
“दोर नाही आणला,” म्हणाला.

खांद्याला सवयीनं जुना डबा,
आत काकड्या, बर्फ.
मुलगी पुढं पळते, मावशी ओरडते,
हेमराज कोयत्यानं कुडा तोडत जातो.
दुसऱ्या झिऱ्यापाशी मी थांबले,
डबा कानाशी धरून हलवला.
“काय ऐकता जी?”
काही नाही रे.
दुसऱ्यालाच गप्प झालाय.
चला.