चावी

भाऊसिंगजी रोडच्या आतल्या बोळात
एलियाकाकांचं घड्याळांचं दुकान,
दीड माणूस बसेल एवढं.
मी काउंटरवर दगड ठेवला.
जोतिबाच्या वाटेवर रस्ता रुंद करताना फुटलेला,
काळा, पोटात पांढरे दाणे.

"वय?"
"साडेसहा कोटी वर्षं. थोडं जास्तच."

डोळ्यात भिंग बसवून
त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला,
झाकण कुठून उघडतं ते शोधावं तसा.
"ह्याला चावी दिली तवा तू हुतीस?
मधी किती येळा बंद पडलं,
पुढं पळालं का मागं ऱ्हायलं,
कुणी लिवून ठेवलंय?
माझ्याकडं येत्यात की असली.
तीन वाजल्यात म्हणत्यात.
कुठल्या दिवसाचं तीन?"

त्यांचा हिशेब वेगळा. सहा दिवस,
मग बापाचं वय, लेकाचं, नातवाचं,
बेरीज सहा हजारांच्या आसपास,
रविवारच्या कोटाच्या खिशात मावणारी.

मी पोटॅशियम म्हणाले, आर्गॉन म्हणाले,
दगड थिजल्यापासून आत साठत गेलेला वायू.
ते सुईच्या टोकानं
कुणाच्या तरी लग्नातल्या घड्याळाला तेल सोडत राहिले.

मग त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं,
मी सातवीत असताना ह्याच स्टुलावर ऐकलेलं :
दोन कारखान्यांची दोन घड्याळं
एकच वेळ सांगत असतील
तर खोटं बोलायला त्यांनी आधी भेटायला हवं.
"आमची तीन आहेत, काका.
आर्गॉन, युरेनियम,
आणि दगडात गोठून राहिलेली उत्तर दिशा.
कधीच भेटलेली नाहीत."

दुकानभर टिकटिक,
ज्याची त्याची वेळ.
बरोबर एकच होतं,
भिंतीवरचं, विकायचं नसलेलं.

काकांनी भिंग काढलं.
डोळ्याभोवती गोल वण.
"सहा हजारांत सगुणा सापडती मला.
चार वर्सं झाली जाऊन, म्हंजे कालच की.
तुझ्या कोटीत कुठं हुडकू तिला?"

ही पद्धत आम्हाला शिकवलेली नाही.

चहा आला. साखर जास्त होती,
त्यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

निघताना पाहिलं,
दगड बिलांवर ठेवलेला, पंख्यानं उडू नयेत म्हणून,
आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना असते तसली.
नाव : माझं.
बिघाड : बघतो.
न्यायचा वार : मंगळवार.