अवाच्य

उर्वे तम्म, वय एकाहत्तर.
सारेमा बेटावर अडतीस वर्षं टपाल वाटलं,
आता यंत्राला वाचायला शिकवते.

टार्टूच्या दप्तरखान्यातून रोज पानं येतात पडद्यावर,
सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या चर्चवह्यांची.
पाद्री जर्मन. अक्षर असं, की
मोडी वाचणाऱ्यानेही हात जोडावेत.
यंत्र प्रत्येक ओळीखाली आपला अंदाज मांडतं,
पुढे खात्रीचे टक्के.
उर्वे चष्मा कपाळावर ढकलून चुका काढते.
वाईट अक्षराचं तिला भय नाही.
‘आत्या, विहिरीजवळचं घर’
एवढ्या पत्त्यावर तिने पत्रं पोचवलीत,
तीही भिजलेली.

यंत्र गुणी आहे, पण घोकंपट्टी करणारं.
मागचा महिनाभर दोघांनी
गुत्त्याच्या उधारीची वही वाचली,
त्याचाच अंमल असावा,
ऑक्टोबर १७९४ चं पान उघडलं तर त्याने लिहिलं :
मिह्केल, टोनिसे वाडीचा, प्याला.
लाउर, सेपा वाडीचा, प्याला.
हिंद्रिक आणि त्याचा मुलगा, प्याले.
खात्री चौऱ्याण्णव टक्के.

उर्वे इतकी हसली की कॉफी सांडली.
जर्मनमध्ये पिणं आणि बुडणं
यांत सुरुवातीच्या एक-दोन अक्षरांचाच फरक.
मेज पुसता पुसता तिने तारखा पाहिल्या.
सगळ्यांची एकच.

मग दुरुस्ती.
दुरुस्ती म्हणजे काय, तर
एकेकावर बोट ठेवून
त्या अकराजणांना तिने पुन्हा बुडवलं.
आठव्यापाशी थांबून खिडकीतून बाहेर बघितलं.
समुद्र होता तिथेच होता,
पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखा, गप्प.

बाराव्या ओळीत शाईचा डाग.
यंत्राने लिहिलं : अवाच्य.
रास्मुसची सूचनाही तीच.
डाग असेल तर अवाच्य म्हणा,
कृपया कल्पना लढवू नका.

कल्पना नाहीच लढवली तिने.
नुसती यादी मोठ्याने वाचली, वरून खाली.
तेव्हा शेतकऱ्यांना आडनावं नव्हती,
वाडीचं नाव हाच माणसाचा पत्ता.
टोनिसे. सेपा. पुढे गिरणीवाले. मग कुल्ली.
वाचता वाचता मेजाखाली तिचे पाय
गोल फिरू लागले.

ही वयाची उतरंड नव्हती, मानाचीही नाही.
हा रस्ता होता.
चर्चपासून डावीकडे, गिरणीला वळसा,
अडतीस वर्षं, बर्फात आणि डासांत, तिचा रस्ता.
पाद्री ज्या क्रमाने दारं वाजवत गेला असेल
त्याच क्रमाने रात्री परतून नावं लिहीत बसला.
डाग कुठल्या क्षणी पडला, ते वहीत नाही.

कुल्लीनंतर डाग. डागानंतर मेए.
आणि कुल्ली ते मेए या मधल्या टप्प्यात
एक चढ आहे, तिथे सायकलवरून उतरावं लागतं.
उजव्या हाताला चार जोत्याचे दगड,
आपोआप वाढलेलं लायलॅकचं झुडूप.
तिथे कधी पत्र आलं नाही.
पण तिच्या आधीचा पोस्टमन, म्हातारा ओस्वाल्ड,
त्या वळणाला रेबासे म्हणायचा.
का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तिने टंकलं :
नाव अवाच्य. रेबासे वाडी. बुडाला.
लगेच एक चौकट उघडली. स्रोत?
उर्वेने जरा विचार केला.
लिहिलं : सायकल.

सोमवारी रास्मुसचा फोन येईल.
मुलगा चांगला आहे, नियमाचा पक्का,
म्हणेल, हा स्रोत आपल्या यादीत बसत नाही.
बसणार नाहीच.
तोवर हे पान
लिस्बनमध्ये कुणी उघडेल, क्राकोवमध्ये कुणी,
आपल्या पणज्याचा पणजा शोधत भरभर खाली येईल
आणि कुल्लीनंतर, मेएच्या जरा आधी,
त्याला चढ लागेल.