मापाचा कप

ऑरिन तिबो दर तीन महिन्यांनी येतो,
बूट झटकतो, व्हरमाँटचा अर्धा बर्फ माझ्या पायपुसण्यावर,
आणि टेबलावर ठेवतो तपकिरी पिशवी.
"लाच," म्हणतो. "रिपोर्ट जरा सांभाळून वाच."

एकतीस वर्षं त्यानं ग्रॅनोला भाजला
नदीकाठच्या लाल बेकरीत.
पहाटे तीनला तिथला वास
सगळ्या गावाच्या झोपेत शिरायचा:
ओट्स, दालचिनी,
आणि ट्रेच्या कडेला करपू लागलेला मेपलचा पाक.
त्याच्या मनगटांवर अजून डाग आहेत,
आडवे, फिकट, शिडीच्या पायऱ्यांसारखे.
निवृत्त माणसांना बेकरी कडेचं खरवडलेलं देते, फुकट.

मी सांभाळूनच वाचते.
साखर वाढलीय. मागच्यापेक्षाही.
"पण मी खातो काय? सकाळी हेच.
दुपारी भूक लागली तर हेच.
रात्री मार्गरीटचा फोन आला नाही
तर उभ्या उभ्या, पिशवीतूनच."
तो पिशवीवरचा सूर्य दाखवतो,
हिरव्या अक्षरांत लिहिलेलं 'निरोगी' दाखवतो.
"ही लेबलं मीच चिकटवायचो.
खोटं असेल तर मीही त्यात आलो."

खोटं नाही, ऑरिन.
ओट्स खरे आहेत,
पोटाला सावकाश चालायला लावणारे.
बदाम खरे, भोपळ्याच्या बिया खऱ्या.
फक्त त्यांच्या पंगतीत
साखर सोवळं नेसून बसलीय,
आणि तिला कुणी हटकत नाही.

मी कपाटातून मापाचा कप काढते.
पत्र्याचा, कान वाकलेला.
"एका वेळेला एवढं."
तो कपाकडे बघतो, माझ्याकडे बघतो.
"एवढं तर आम्ही चव बघायला घ्यायचो."
त्याच्या घरचा वाडगा मी पाहिलाय:
निळा, लेकीनं चाकावर घडवलेला.
त्यात बदक पोहेल.

मग तो सांगतो, न विचारता,
चर्चच्या तळघरातलं. चौऱ्याहत्तर साल,
सात लांब केसांची पोरं, एक भट्टी,
आणि ल्यूशसच्या माश्या देतील तेवढा मध.
मध संपला की गोड संपलं.
महिनाभर लोक बिनगोड खायचे, कुरकुर करायचे,
पण खायचे.
पुढे बेकरी विकली गेली, ओहायोहून टाय लावलेला माणूस आला,
म्हणाला, हात पिशवीत परत गेला पाहिजे.
"दर वर्षी पाकाचा नळ थोडा जास्त उघडत गेला.
कुणी म्हणजे कुणी ओरडलं नाही.
नळावर हात माझाच होता."

बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होत नाहीये.
ऑरिन कप उचलतो, भरतो,
आणि तळहातावर उपडा करतो.
दाणे खळग्यात बरोब्बर बसतात.
"अरे, ही तर मूठ झाली.
आम्ही तेव्हा मुठीनंच मोजायचो."
त्याचा आवाज असा, की हरवलेली किल्ली
त्याच्याच खिशात निघालीय.

मी लिहून देते: साधं दही, बिनसाखरेचं.
सफरचंद, सालासकट.
वरून एक मूठ, भुरभुरवून.
आणि रात्रीसाठी काही लिहीत नाही.
रात्रीचं औषध मार्गरीटकडे आहे,
ती पोर्टलंडला राहते.
"पिशवी ठेव," तो दारातून म्हणतो. "घरी नेली तर मी मोजणार नाही."

साडेसातला मी क्लिनिक बंद करते.
बर्फ काढणाऱ्या गाडीमागे चाळीस मिनिटं,
दुपारचं जेवण राहिलेलं,
शेजारच्या सीटवर लाच.
एक मूठ.
मग दुसरी, पहिली झालीच नाही असं समजून.
वायपर इकडून तिकडे. दाढेत अक्रोड.
आणि कितव्या मुठीत कोण जाणे
तो करपट कडेचा तुकडा लागतो,
कडू, मग गोड, मग नुसता धूर.
मी काच थोडी खाली करते,
आणि पुढचा तुकडा चाचपडत शोधते.